कोंडलेल्या लाव्याला उड्डाणाची ओढ असते काय?

शहरांतील मोठ्या दुकानांत कोंबडीच्या अंड्यांशेजारीं दुसऱ्या एका प्रकारचीं अंडीं मांडलेलीं दिसतात. तीं आकारानें मोठ्या बोराएवढीं, वजनानें सुमारें दहा ग्रॅम आणि अंगावर तपकिरी व काळसर ठिपके असलेलीं असतात. हीं लाव्याचीं अंडीं होत. तीं घालणारा पक्षी बहुधा एखाद्या गांवाबाहेरच्या शेडमध्यें, एकावर एक रचलेल्या तारेच्या पिंजऱ्यांपैकीं एकांत राहत असतो. पिंजऱ्याचें छत पुष्कळदां वीत-दीड वीत उंचीवर असतें. पक्ष्याला उभें राहतां येतें, चार पावलें चालतां येतें, दाणा आणि पाणी चोंचीशीं येतें. फक्त उडतां येत नाहीं.

असा पिंजरा प्रथमच पाहणारें लहान मूल एक प्रश्न हमखास विचारतें : "याला उडावेंसें वाटत नसेल का हो?" पिंजऱ्याचा मालक समजुतीनें सांगतो, "बाळ, हा येथेंच जन्मला. आकाश त्यानें पाहिलेंच नाहीं. जें ठाऊकच नाहीं त्याची आठवण कशी येणार?" शेजारीं उभी असलेली एखादी कनवाळू बाई मात्र सुस्कारा टाकून म्हणते, "बिचारा रात्रंदिवस आकाशासाठीं झुरत असेल!" मूल एकदां मालकाकडे पाहतें, एकदां बाईकडे पाहतें, आणि मोठीं माणसें पुढें चालूं लागतात.

दोन्ही उत्तरें दिसायला सरळ आहेत. परंतु तीं देतांना दोघांपैकीं कोणींहि लाव्याकडे नीट पाहिलेलें नसतें. मालकानें आपली सोय पाहिलेली असते आणि बाईनें आपलें मन पाहिलेलें असतें. मुलाचा प्रश्न मात्र पक्ष्याविषयीं होता. तेव्हां त्याचें उत्तर पक्ष्याच्या शरीरांत, त्याच्या सवयींत आणि त्याच्या कुळाच्या इतिहासांत शोधलें पाहिजे.

लावा हा कोंबडा, मोर आणि तितर यांच्या कुळांतील पक्षी होय. हिंदी भाषेंत त्याला बटेर म्हणतात. संस्कृतांत लाव व वर्तिका हीं नांवें आहेत. अश्विनीकुमारांनीं वर्तिकेला लांडग्याच्या तोंडांतून सोडविल्याचा उल्लेख ऋग्वेदांत एकाहून अधिक सूक्तांत येतो, यावरून या चिमुकल्या पक्ष्याची आणि मनुष्याची ओळख किती जुनी आहे हें ध्यानांत येईल. अंग वाटोळें, शेपूट नांवाला आणि रंग वाळल्या गवताचा. महाराष्ट्रांत त्याचे तीन प्रकार तरी शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. करडा लावा हिंवाळ्यांत येतो आणि रब्बीच्या पिकांत वावरतो. पावसाळी लावा पावसाच्या दिवसांत गवतांतून साद घालतो; त्याच्या नराची छाती काळी असते. तिसरा रानलावा माळावरच्या झुडपांतून लहान थव्यानें राहतो. थवा एखाद्या झुडपाखालीं दबून बसतो, आणि वाटसरूचें पाऊल अगदीं जवळ पडलें कीं चारी दिशांना भर्रकन फुटतो. क्षणभर काळजाचा ठोका चुकतो. पंचवीस-तीस पावलांवर पक्षी पुन्हां गवतांत उतरलेले असतात आणि पायांनीं चालत पुढें निघूनहि गेलेले असतात.

या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष दिलें पाहिजे. लावा हा जात्या चालणारा पक्षी आहे. दाणे टिपणें, किडे शोधणें, जोडीदाराला बोलावणें, पिलें सांभाळणें हे त्याचे सारे व्यवहार जमिनीवर होतात. घरटें म्हणजे गवताखालीं उकरलेला एक उथळ खळगा. पिलें अंड्यांतून बाहेर पडतांच आईमागें चालूं लागतात. घार दुपारच्या उन्हांत तासन् तास वर तरंगते, पाकोळ्या संध्याकाळीं हवेंत गिरक्या घेतात. त्यांच्याकडे पाहून उड्डाण हाच पक्ष्याचा आनंद असें मनुष्याला वाटतें. लावा तसा कधीं तरंगत नाहीं व गिरक्याहि घेत नाहीं. मोकळ्या रानांतला लावासुद्धां दिवसचे दिवस पंख न उघडतां काढूं शकतो. तेव्हां पिंजऱ्यांतला लावा प्रत्येक घटकेला आकाशासाठीं झुरतो हें कनवाळू बाईचें म्हणणें लाव्याच्या स्वभावाला धरून नाहीं. तिनें घारीचें मन लाव्याच्या अंगांत घातलें.

मग लावा उडतो केव्हां? दोन वेळां. एक, भय वाटलें म्हणजे. आणि दुसरी, लांबच्या प्रवासाची वेळ आली म्हणजे.

भयाचें उड्डाण नुकतेंच सांगितलें. तें एखाद्या उडीसारखें असतें. सरळ वर, झपाट्यानें आणि थोडा वेळ. प्रवासाचें उड्डाण मात्र निराळें आहे. जो करडा लावा शेतांत वीस-तीस पावलें उडून दमल्यासारखा दिसतो, त्याचेच भाईबंद दरवर्षीं शरद ऋतूंत युरोपांतून निघून रात्रींच्या अंधारांत भूमध्य समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेंत उतरतात. मध्य आशियांतील लावे त्याच सुमारास हिंदुस्थानाकडे येतात. समुद्र ओलांडून आलेले पक्षी इजिप्तच्या उत्तर किनाऱ्यावर इतके थकून उतरत कीं, लोक किनाऱ्यावर जाळीं उभीं करून त्यांना लाखोंनीं धरीत. वाळवंटांत भुकेलेल्या इस्राएली लोकांच्या छावणीवर लाव्यांचे थवे उतरल्याची बायबलांतील कथा याच भूभागांतली आहे. कोंबडीच्या छातीचें मांस पांढुरकें असतें आणि लाव्याचें तांबूस असतें, त्याचें कारणहि हेंच. दीर्घ काळ न थकतां चालणाऱ्या स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अधिक लागतो, आणि अशा स्नायूंचा रंग तांबडा असतो. लाव्याच्या छातींत समुद्र ओलांडण्याची तयारी जन्मतःच भरलेली असते.

आतां हीं दोन्हीं उड्डाणें पिंजऱ्यांत कोणतें रूप घेतात तें पाहिलें पाहिजे.

भयाच्या उड्डाणाचें रूप लावे पाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. रात्रीं दिवा एकाएकीं लागला, भांडें पडलें किंवा अनोळखी मनुष्य आंत शिरला, कीं पिंजऱ्यांतला लावा उभ्या रेषेंत वर उसळतो आणि त्याचें डोकें छतावर आदळतें. छत दोन-तीन फूट उंच असेल तर पक्ष्याला वेग घेण्यापुरती जागा मिळते. तो जोरानें आपटतो, टाळूची कातडी फाटते, क्वचित् जीवहि जातो. यासाठीं जाणते लोक छत एक तर अगदीं ठेंगणें ठेवतात, नाहीं तर पुरुषभर उंच करून त्याखालीं मऊ जाळें ताणतात. म्हणजे ज्या ठेंगण्या छताकडे पाहून मुलाला वाईट वाटलें, तें छत तसें ठेवण्याचें एक कारण हेंच आहे कीं, पिढ्यान् पिढ्या कोंडलेला लावा अजूनहि उडतो. उडणें त्याला "ठाऊकच नाहीं" हें मालकाचें म्हणणें त्याच्याच पिंजऱ्याच्या उंचीनें खोटें ठरतें.

प्रवासाच्या ओढीचा पुरावा याहून विलक्षण आहे. अठराव्या शतकांत ब्यूफाँ नांवाचा मोठा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या पक्षिविषयक ग्रंथाचे खंड १७७० ते १७८३ या काळांत प्रसिद्ध झाले. त्यांतील लाव्याच्या प्रकरणांत, जवळजवळ जन्मापासून पिंजऱ्यांत वाढविलेल्या कांहीं लाव्यांची हकीकत आहे. चार वर्षें त्यांच्यावर नजर ठेवण्यांत आली. वर्षांतून दोन वेळां, एप्रिल महिन्यांत आणि सप्टेंबर महिन्यांत, म्हणजे नेमक्या रानलाव्यांच्या प्रवासाच्या दिवसांत, हे पक्षी अस्वस्थ होऊं लागत. ही अस्वस्थता प्रत्येक वेळीं सुमारें तीस दिवस टिके. रोज सूर्यास्तापूर्वीं एक तास तिला सुरुवात होई. पक्षी पिंजऱ्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत येरझारा घालीत. मग वरच्या जाळ्यावर झेप घेत, आणि ती इतक्या जोरानें कीं पुष्कळदां भोंवळ येऊन खालीं पडत. जवळजवळ सारी रात्र अशी जाई. दुसऱ्या दिवशीं ते खिन्न, थकलेले आणि झोपाळलेले दिसत. या पक्ष्यांना स्वातंत्र्य म्हणजे काय हें माहीत असणें किंवा त्याची खंत वाटणें शक्यच नव्हतें, ही गोष्ट ग्रंथकारानें मुद्दाम नमूद केली आहे.

त्या पक्ष्यांना कोणी वडीलधारा लावा दिशा दाखवायला नव्हता. त्यांनीं समुद्र पाहिला नव्हता, उडणारा थवा पाहिला नव्हता. तरीहि दिनमान ठराविक मर्यादेला येतांच त्यांच्या शरीरांत कांहीं तरी जागें होई आणि त्यांना वर फेकी.

पुढें जर्मन पक्षिशास्त्रज्ञांनीं या अवस्थेचा सूक्ष्म अभ्यास केला आणि तिला जें नांव दिलें त्याचा अर्थ "प्रवासाची अस्वस्थता" असा होतो. १९६६ सालीं अमेरिकेंतील एम्लन या पितापुत्रांनीं ती मोजण्याची एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. टीपकागदाचें नरसाळें करून त्याच्या तळाशीं शाईची गादी ठेवावयाची आणि पक्षी आंत सोडावयाचा. पक्षी रात्रभर उड्या मारतो, त्याच्या पायांची शाई उतरत्या कागदावर उमटते, आणि त्याला कोणत्या दिशेला जावयाचें होतें हें सकाळीं कागदच सांगतो. जर्मनींत पीटर बर्थोल्ड यांनीं एका लहान गाणाऱ्या पक्ष्याच्या प्रवासी व स्थायिक वंशांचा संकर केला, तेव्हां संततींत ही ओढ दोहोंच्या मधल्या प्रमाणांत उतरली. नाकाडोळ्यांप्रमाणें प्रवासाची ओढहि वारशानें येते, हें त्यावरून सिद्ध झालें. दिवस लहान-मोठा झाल्याचें पक्ष्याला कसें कळतें याचा उलगडा तर पुष्कळसा जपानी लाव्याच्याच अभ्यासांतून झाला आहे. पक्ष्याला हें कळण्यासाठीं डोळ्यांचीच गरज नसते. कवटींतून झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागास पोंचतो, आणि त्या मापावर शरीरांतील स्राव कमी-अधिक होतात.

मालकाच्या युक्तिवादांतील चूक येथें उघड होते. "जें पाहिलें नाहीं त्याची आठवण येत नाहीं" हें वाक्य खरें आहे. परंतु उणीव भासण्यासाठीं आठवणच लागते हें खरें नाहीं. नुकतें जन्मलेलें वासरूं आईची कास धुंडाळतें. त्यानें दूध कधीं चाखलेलें नसतें, तरी भूक त्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. मनुष्याची खंत बहुतेक स्मृतींतून येते. गेलेलें घर, गेलेलें माणूस, गेलेले दिवस. म्हणून खंत म्हणजे स्मृति असें तो समजतो. पशुपक्ष्यांची ओढ शरीरांतून येते, आणि शरीराला गतकाळ ठाऊक असण्याची गरज नसते. ब्यूफाँनें वर्णिलेल्या लाव्यांना आकाशाची आठवण होत नव्हती. पण आकाशावांचून त्यांचें अडत होतें.

असें असलें तरी दुकानांत ज्याचीं अंडीं येतात तो लावा त्या फ्रेंच पिंजऱ्यांतल्या रानलाव्याहून वेगळा आहे, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. हा जपानी लावा. जपानांत तो प्रथम अंड्यांसाठीं पाळीत नसत. त्याचा आवाज ऐकण्यासाठीं पाळीत. सतराव्या शतकापासून पुढें तेथें लाव्यांच्या आवाजाच्या स्पर्धा होत आणि उत्तम स्वराचा नर मोठ्या मानानें मिरवला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्याकडे अंड्यांचा व मांसाचा पक्षी म्हणून पाहण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धांत या पाळीव वंशांची धूळधाण झाली, आणि उरल्यासुरल्या थोड्या पक्ष्यांपासून हा धंदा पुन्हां उभा राहिला. भारतांत हा पक्षी १९७४ सालीं बरेलीजवळ इज्जतनगर येथें आणण्यांत आला आणि तेथून देशभर पसरला. त्याचें अंडें सतरा-अठरा दिवसांत फुटतें आणि मादी सहा-सात आठवड्यांची होतांच अंडीं घालूं लागते. एवढ्या जलद गतीनें पिढ्या उलटत असल्या म्हणजे मनुष्याला हवे ते गुण निवडून काढण्यास फार काळ लागत नाहीं.

या निवडीचा परिणाम प्रवासाच्या ओढीवर झाला आहे. युरोपांतील रानलावे व पाळीव जपानी लावे यांची तुलना फ्रेंच संशोधकांनीं केली, तेव्हां रानलाव्यांच्या मानानें पाळीव लाव्यांत ही ओढ क्षीण झालेली आढळली. सप्टेंबरच्या संध्याकाळीं रानलावा ज्या वेगानें येरझारा घालतो त्या वेगानें पाळीव लावा घालीत नाहीं. तेव्हां मालकाच्या म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. मात्र त्याचें कारण चुकीचें आहे. पक्षी पिंजऱ्यांत जन्मला म्हणून त्याची ओढ मावळली असें झालेलें नाहीं, कारण ब्यूफाँच्या हकीकतींतील लावेहि पिंजऱ्यांतच वाढले होते. जे स्वस्थ बसले, ज्यांनीं बंदिवासांत लवकर अंडीं घातलीं, त्यांचाच वंश मनुष्यानें पुढें चालविला, आणि जे जाळ्यावर आपटत राहिले त्यांचा वंश खुंटला, म्हणून ती मावळली. आजच्या शांत लाव्यामागें अशा अनेक अशांत लाव्यांचा शेवट आहे.

शांतपणा हा शब्दहि जपूनच वापरला पाहिजे. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत मेंढा, कोंबडा आणि लावा यांच्या झुंजी लावण्याची कला मोजलेली आहे. पुढें लखनौच्या नबाबी काळांत बटेरांच्या झुंजीचें मोठें शास्त्रच झालें. त्या काळच्या लखनौचें वर्णन करणारे अब्दुल हलीम शरर यांनीं बटेराला माणसाळविण्याची रीत दिली आहे. नव्यानें धरलेला पक्षी तासन् तास मुठींत धरून ठेवावयाचा, त्याला उपाशी ठेवावयाचें, रात्रीं कानाशीं ओरडून त्याची झोंप मोडावयाची. कांहीं दिवसांनीं तो पक्षी हातावर मुकाट बसतो. पाहणाऱ्याला वाटतें कीं, त्याला मालकाचा लळा लागला. वास्तविक त्याचें बळ संपलेलें असतें. भारतांत १९६० च्या कायद्यानें प्राण्यांना झुंजीसाठीं चिथावणें हा गुन्हा ठरला, तें योग्यच झालें.

शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंतहि असाच एक अनुभव येतो. लाव्याला उताणें करून हातानें क्षणभर दाबून धरलें आणि मग हात काढला, तर तो मेल्यासारखा निश्चल पडून राहतो. अनभिज्ञ मनुष्य म्हणेल, किती आरामांत पडला आहे! तो आराम नसून भयाची पराकाष्ठा असते; शत्रूच्या तावडींत सांपडलेल्या प्राण्याचा तो शेवटचा उपाय आहे. मिल्स आणि फोर या दोन संशोधकांनीं फ्रान्समध्यें लाव्यांचे दोन वंश तयार केले आणि १९९१ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एका वंशांतले पक्षी दीर्घ काळ असे निश्चल राहत, दुसऱ्यांतले थोडक्यांत उठत. भित्रेपणाहि वाढवितां येतो आणि कमी करतां येतो, हें त्यावरून स्पष्ट झालें. भित्रेपणा कमी झालेला पक्षी छतावर कमी आपटेल, कमी धास्तावेल. हा त्याचा खराच लाभ आहे व तो नाकारण्याचें कारण नाहीं. पण केवळ गप्प बसलेला पक्षी पाहून "हा सुखी आहे" असा निर्वाळा देण्याचा अधिकार मात्र त्यामुळें कोणास मिळत नाहीं.

मग मुक्या प्राण्याला काय हवें हें ओळखावें कसें? त्याला निवड करूं द्यावी आणि ती निवड मिळविण्यासाठीं तो किती धडपड करतो तें पाहावें, असा एक मार्ग गेल्या अर्धशतकांत रूढ झाला आहे. लाव्याच्या बाबतींत या मार्गानें पाहिलें, तर आकाशाच्या आधीं एक दुसरीच गोष्ट पुढें येते. ती म्हणजे धूळ. लाव्याला कोरडी माती किंवा वाळू दिली कीं, तो तींत अंग टाकतो, पंख फडफडवून ती पिसांत घेतो, कुशीवर लोळतो आणि मग उठून अंग झाडतो. यानें पिसांतील जादा तेल निघून जातें. परंतु तारेच्या तळावर, जेथें धुळीचा कणहि नाहीं, तेथेंसुद्धां पक्षी बसून हेच सारे हावभाव करतांना दिसतो. नसलेल्या मातींत तो नसलेलें स्नान करतो. त्या पक्ष्यानेंहि कदाचित् माती जन्मांत पाहिलेली नसते. ब्यूफाँनें सांगितलेल्या येरझाऱ्या आणि हें कोरडें स्नान या दोन्ही गोष्टी एकाच मुळांतून आलेल्या आहेत.

जमिनीचें लाव्याला किती महत्त्व आहे याचा एक दाखला तर पृथ्वीबाहेर मिळाला. २२ मार्च १९९० रोजीं रशियाच्या मीर या अंतराळस्थानकावर जपानी लाव्याचें पिलूं अंड्यांतून बाहेर आलें. त्याच्या पाठोपाठ आणखीहि पिलें जन्मलीं. तेथें वजन असें नव्हतेंच. पंख न हलवितां तीं पिलें हवेंत तरंगत होतीं. कवीला वाटेल, कोणा पक्ष्याच्या नशिबीं असें भाग्य आलें नसेल! परंतु पाय टेकायला जमीन नसल्यामुळें त्यांना आपलें अंग सांवरतां येईना आणि धड खातांहि येईना. लाव्याचें आकाश जमिनीपासून सुरू होतें. पायाखालीं माती नसेल तर त्याला वरच्या मोकळ्या जागेचा कांहीं उपयोग नाहीं.

इंग्लंडमध्यें १९६५ सालीं ब्रॅम्बेल समितीनें पाळीव जनावरांसाठीं एक किमान माप सांगितलें. प्राण्याला उभें राहतां यावें, आडवें होतां यावें, वळतां यावें, अंग स्वच्छ करतां यावें आणि अवयव ताणतां यावेत. या यादींत उड्डाणाचें नांव नाहीं. तरीहि दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतील पुष्कळ लाव्यांना एवढें तरी मिळतें काय, हा प्रश्न आकाशाच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा आहे.

येथें कोणी म्हणेल, मग सरळ दार उघडून द्यावें आणि वाद मिटवावा. दयाळू मनाला हा उपाय सुचणें स्वाभाविक आहे. ११८ व्या जातककथेंतला लावा तसाच सुटला. पारध्यानें धरलेले इतर लावे दाणे खाऊन पुष्ट होत आणि विकले जात. या लाव्यानें अन्नपाणी सोडलें. तो इतका रोडावला कीं पारध्यानें त्याला काय झालें हें पाहण्यासाठीं बाहेर काढून तळहातावर ठेवलें. आणि पारध्याचें लक्ष दुसरीकडे जातांच तो उडून रानांत गेला. पण तो रानांतून आलेला लावा होता. कोठें जावयाचें, काय खावयाचें, कोणापासून लपावयाचें हें त्याला ठाऊक होतें.

शेडमधल्या जपानी लाव्याला दार उघडून देणें ही मुक्तता नव्हे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अनेक राज्यांनीं शिकारीसाठीं असे लावे मोठ्या संख्येनें रानांत सोडले. त्यांची वस्ती कोठेंहि रुजली नाहीं. ते नाहींसे झाले. युरोपांत याहून निराळी काळजी उत्पन्न झाली आहे. सोडलेल्या पाळीव लाव्यांचा रानलाव्यांशीं संकर होतो, आणि त्यामुळें रानलाव्यांच्या पुढच्या पिढ्यांतील प्रवासाची ओढ मंदावेल अशी भीति जाणत्यांना वाटते. म्हणजे एका पक्ष्याला आकाश देण्याच्या भरांत दुसऱ्याचें आकाश हिरावलें जाण्याचा संभव. रानलाव्यांसाठीं करावयाचें काम निराळें आहे. त्यांना धरूं नये, हें तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंच सांगितलें आहे. आणि ज्या गवताळ माळांवर ते उतरतात ते माळ राखावे.

असो. आतां पिंजऱ्यापुढें उभ्या असलेल्या त्या मुलाकडे परत वळणें योग्य होईल, कारण त्याला उत्तर मिळालेलें नाहीं. त्याला प्रामाणिकपणें इतकें सांगतां येईल. हा पक्षी घारीसारखा हौसेनें उडणारा नाहीं. म्हणून तो सारा दिवस आकाशाकडे पाहून रडतो असें समजूं नये. तो भ्याला म्हणजे मात्र उडूं पाहतो, आणि तेव्हां हें छत त्याला लागतें. त्याचे रानांतले भाऊ पिंजऱ्यांत ठेवले तर ऋतु पालटतांच सारी रात्र जाळ्यावर झेपा घेतात, मग त्यांनीं आकाश कधीं पाहिलेलें नसलें तरी. याच्या अंगांतली ती ओढ माणसांनीं निवडून निवडून पुष्कळशी कमी केली आहे. अगदीं पुसली गेली आहे कीं तिचा कांहीं अंश उरला आहे, हें त्या त्या पक्ष्याकडे पाहूनच ठरवावें लागेल.

आणि मालकालाहि कांहीं सांगतां येईल. त्याला पोट आहे, धंदा आहे. अंडीं विकूं नयेत असें त्याला कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या पक्ष्याची ओढ मनुष्यानें आपल्या सोयीसाठीं काढून घेतली, त्या पक्ष्याचें ऋण मनुष्यावर अधिक चढतें. रानांतल्या लाव्याचा सांभाळ रान करतें. हा लावा रानाला पारखा झाला आहे, आणि त्याच्यासाठीं रानाचें काम आतां मालकालाच करावयाचें आहे. एक पसरट पाटी कोरड्या मातीची. दडून बसायला कोपऱ्यांत थोडें गवत किंवा एखादी आडोशाची फळी. डोकें फुटणार नाहीं असें मऊ छत. रात्रीं दिवा एकदम न लावण्याची संवय. आणि पिंजऱ्यांत मावतील त्याहून कमी पक्षी. यांत खर्च फारसा नाहीं, लक्ष मात्र द्यावें लागतें.

असें लक्ष देणारा मनुष्य सप्टेंबरांतील एखाद्या संध्याकाळीं, दिवस मावळण्यापूर्वीं तासभर, पिंजऱ्यापाशीं थांबून पाहील. पुष्कळ पक्षी दाणे टिपून पंखांत मान घालण्याच्या बेतांत असतील. कदाचित् एखादा मात्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत येरझारा घालीत असेल. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या पक्ष्याजवळ आहे, आणि तें मिळविण्यासाठीं मनुष्यानें तेथें कांहीं वेळ उभें राहिलें पाहिजे.